‘द वॉकिंग डेड’चा पहिला सीझन कशावरून जोखायचा?

मेलेली माणसे उठून जिवंतांवर तुटून पडू लागल्यानंतरच्या जगाची ‘द वॉकिंग डेड’ ही अमेरिकन मालिका एएमसी वाहिनीवर ३१ ऑक्टोबर २०१० रोजी सुरू झाली आणि ११ सीझन, १७७ भाग होऊन नोव्हेंबर २०२२ मध्ये संपली. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात तिचा पहिला सीझन अवघ्या सहा भागांचा आहे. त्याच्याविषयीचे मत मात्र फार लवकर ठरून गेले आणि आजही तेच चालत आले आहे: पहिला भाग अप्रतिम, मधले भाग बरे-वाईट, शेवटचा भाग घसरलेला. असे म्हणणारे प्रेक्षक भीती किती वाटली, प्रेतांची रंगभूषा किती खरी वाटली, मूळ चित्रकथेशी मालिका किती इमान राखते आणि कथानक किती वेगाने पुढे सरकते, एवढे पाहतात. या सगळ्या गोष्टी पाहण्याजोग्या आहेतच, पण तेवढ्यावरून या सीझनची खरी किंमत कळते असे मला वाटत नाही. (पुढे सहाही भागांचे कथानक उघड केले आहे. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही आणि पाहायची आहे, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.)

संहारानंतर तगून राहिलेल्यांची कथा सांगणारी कोणतीही मालिका एक गृहीतक मनाशी धरूनच सुरू होते. पोलीस, न्यायालय, दवाखाना, वीज, पाणी, पगार हे सगळे काढून घेतले की माणसात काय शिल्लक राहते, याविषयी लेखकाची काही एक समजूत असते आणि ती पात्रांच्या वागण्यातून बाहेर येते. ही समजूत केवळ करमणुकीपुरती राहत नाही. संकट कोसळल्यावर शेजाऱ्याच्या दारी जायचे की आपल्या दाराला कडी लावून बसायचे, हे माणसे बरेचदा आधीपासून मनात रुजलेल्या चित्रांवरून ठरवतात, आणि आजच्या काळात ही चित्रे मोठ्या प्रमाणावर पडद्यावरूनच मनात उतरतात. म्हणून अशा मालिकेला मला एकच प्रश्न सर्वांआधी विचारावासा वाटतो. ज्यांचा आता कोणालाही काही उपयोग उरलेला नाही अशांशी, म्हणजे मेलेल्यांशी, मरणाऱ्यांशी, म्हाताऱ्यांशी आणि नकोशा झालेल्यांशी, तिच्यातली धडधाकट माणसे कशी वागतात? या कसोटीला पहिले पाच भाग, आणि त्यातही लोकांनी सर्वांत दुबळा ठरवलेला चौथा भाग, चांगले उतरतात. सहावा भाग उतरत नाही, पण त्याचे कारण लोक सांगतात त्यापेक्षा वेगळे आहे.

रॉबर्ट कर्कमन यांची मूळ चित्रकथा २००३ पासून प्रसिद्ध होत होती. ती पडद्यावर आणण्याचे काम फ्रँक डॅराबाँट यांनी हाती घेतले, आणि पहिल्या भागाचे लेखन-दिग्दर्शनही त्यांनीच केले. चित्रीकरण अटलांटा शहरात आणि परिसरात, २०१० च्या ऐन उन्हाळ्यात, १६ मिलिमीटरच्या फिल्मवर झाले. त्यामुळे चित्राला जो रवाळपणा आणि किंचित मळकटपणा येतो, तो या कथेला फार मानवतो, कारण सगळे जग धुऊन-पुसून चकचकीत करण्याची सवय लागलेल्या पडद्यावर ही माणसे खरोखर घामेजलेली, उन्हाने करपलेली दिसतात. प्रेतांची घडण ग्रेग निकोटेरो आणि त्यांच्या चमूची होती. पहिल्या भागातील कृत्रिम अवयवांच्या रंगभूषेसाठी त्यांना २०११ चा एमी पुरस्कार मिळाला, आणि तो सर्वस्वी रास्त होता. मात्र या कौशल्याचा उपयोग मालिकेने कशासाठी केला, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

रिक ग्राइम्स हा जॉर्जियातील एका लहान गावचा पोलीस अधिकारी. गोळी लागून तो बेशुद्ध होतो आणि शुद्धीवर येतो तेव्हा दवाखाना ओस पडलेला असतो, उशाशी ठेवलेली फुले वाळून गेलेली असतात. बाहेर आल्यावर त्याला बागेतल्या गवतावर एक स्त्री दिसते. कमरेखाली तिचे शरीर उरलेलेच नाही, आणि उरलेले धड हातांवर ओढत ती त्याच्याकडे येऊ पाहते. तो घाबरून सायकलवरून निघून जातो. दुसरा कोणताही दिग्दर्शक ते दृश्य तेवढ्यावरच सोडून पुढे गेला असता, कारण धक्का द्यायचा तो देऊन झाला होता. डॅराबाँट मात्र रिकला अंगावर गणवेश चढवून तिच्याकडे परत पाठवतात. तो तिच्याशेजारी गुडघ्यावर बसतो, तुझ्या वाट्याला हे आले याचे मला वाईट वाटते असे तिला सांगतो, आणि मग गोळी झाडतो. त्याच वेळी, आलटून-पालटून, दुसरे दृश्य चालू असते. मॉर्गन नावाचा एक बाप आपल्या घराच्या वरच्या मजल्यावर खिडकीत बंदूक रोखून बसलेला आहे, खाली रस्त्यावर त्याचीच मेलेली बायको चालते आहे, आणि नेम अचूक असूनही त्याचे बोट खटक्यावर दाबले जात नाही. एक जण अनोळखी बाईसाठी जे करतो ते दुसऱ्याला स्वतःच्या बायकोसाठी करता येत नाही, आणि मालिका दोघांपैकी कोणालाही चूक ठरवत नाही. लेनी जेम्स या नटाने खिडकीतले ते रडणे ज्या संयमाने उभे केले आहे, त्याला तोड नाही.

दुसऱ्या भागात हाच धागा अधिक अवघड जागी येतो. अटलांटाच्या मध्यभागी एका मोठ्या दुकानात काही माणसे अडकली आहेत आणि बाहेर मेलेल्यांची गर्दी आहे. हे मेलेले लोक (मालिकेतली माणसे त्यांना वॉकर म्हणतात) वासावरून जिवंत माणूस ओळखतात. तेव्हा एखादे प्रेत चिरून त्याची आतडी आणि रक्त अंगाला फासायचे आणि त्यांच्यातूनच चालत जायचे, अशी युक्ती रिक काढतो. प्रेत आत ओढून आणले जाते. रिक कुऱ्हाड उचलतो आणि ती खाली येण्याआधी थांबतो. तो त्या माणसाच्या खिशातून पाकीट काढतो आणि सगळ्यांना वाचून दाखवतो: नाव वेन डनलॅप, जॉर्जियाचा वाहन परवाना, जन्म १९७९, खिशात २८ डॉलर आणि एका सुंदर मुलीचा फोटो. हा आपल्यासारखाच होता, बिले आणि घरभाड्याची काळजी करणारा, असे तो म्हणतो, आणि आपल्या घरची माणसे भेटली तर त्यांना वेनविषयी सांगेन असा शब्द देतो. मग तो कुऱ्हाड मारायला सुरुवात करणार, तोच ग्लेन हा तरुण परवान्याकडे पाहून आणखी एक गोष्ट सांगतो, की हा अवयवदाता होता.

यानंतर जे होते ते पाहवत नाही इतके किळसवाणे आहे, आणि नेमके म्हणूनच त्याआधीची ती दोन मिनिटे मोलाची आहेत. शवविच्छेदनाच्या टेबलासमोर विद्यार्थ्याने देहदात्याला नमस्कार करावा, त्या जातीची ही कृती आहे. ज्या देहाचा आपण उपयोग करणार आहोत तो कोणाचा तरी देह आहे, हे मोठ्याने म्हणण्याने कृत्य टळत नाही, पण करणारा माणूस राहतो. पुढच्या अनेक सीझनांत शेकडो वॉकर कापले जातात आणि कोणीही त्यांचे पाकीट काढून पाहत नाही. मालिका लोकप्रिय होत गेली तसतशी ती याबाबतीत गरीब होत गेली, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्थात इथे आपण पहिल्या सीझनचाच हिशेब मांडतो आहोत.

मेर्ल डिक्सनचे प्रकरण याच कसोटीची दुसरी बाजू दाखवते. मेर्ल वंशद्वेष्टा आहे. दुकानाच्या गच्चीवर तो टी-डॉग या कृष्णवर्णीय सहकाऱ्याला शिव्या देतो, मारतो आणि बंदुकीच्या जोरावर सगळ्यांचा पुढारी होऊ पाहतो. रिक त्याला गच्चीवरच्या नळीला हातकडीने जखडतो. पळून जाण्याच्या घाईत टी-डॉगच्या हातून हातकडीची किल्ली निसटते आणि मेर्ल वर अडकून राहतो. पण निघता निघता, मेलेल्यांना गच्चीवर पोहोचता येऊ नये म्हणून दाराला साखळी आणि कुलूप लावून जाणारा माणूस टी-डॉगच असतो. शहराबाहेर वाचलेल्या माणसांचा तळ आहे, तिथे परतल्यावर वाद होतो. अशा माणसासाठी जीव धोक्यात का घालायचा, तहानेने मरणाऱ्याला हा घोटभर पाणी देणार नाही, असे रिकचा मित्र आणि पोलीस खात्यातला सहकारी शेन म्हणतो. त्यावर रिकचे उत्तर असे की तो काय करेल याच्याशी मला कर्तव्य नाही, मी त्याला सापळ्यातल्या जनावरासारखे मरायला सोडून आलो आहे. पुन्हा शहराकडे निघालेल्या चौघांत टी-डॉग असतो. नकोशा माणसाविषयीच्या कर्तव्याचा प्रश्न इतक्या स्वच्छपणे मांडणारी दूरचित्रवाणीवरची फार थोडी उदाहरणे मला आठवतात.

पण इथेच या सीझनची एक मोठी उणीवही दिसते. टी-डॉगला ही एवढी मोठी कृती दिली, आणि त्याखेरीज काहीही दिले नाही. त्याचे घर कुठे होते, त्याचे कोण गेले, त्याला काय वाटते, यातले काही आपल्याला कळत नाही. २०१० च्या जनगणनेनुसार अटलांटा शहरातली निम्म्याहून अधिक वस्ती कृष्णवर्णीयांची होती. त्या शहरातून वाचलेल्यांच्या तळावर पुढारीपणाचा सगळा झगडा दोन गोऱ्या पोलिसांत चालावा, हे खटकल्याशिवाय राहत नाही. या प्रकारच्या कथांची आधुनिक परंपरा जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ या चित्रपटापासून सुरू होते. त्यात रात्रभर मेलेल्यांशी झुंजून तगलेला कृष्णवर्णीय नायक सकाळी गोऱ्या बंदूकधाऱ्यांच्या गोळीने मरतो. मालिकेच्या बेचाळीस वर्षे आधीच्या, तुटपुंज्या पैशात काढलेल्या चित्रपटाला जी जाण होती, ती या मालिकेत पातळ झाली आहे. स्त्रियांच्या बाबतीतही असेच झाले. तिसऱ्या भागात बायका खाणीतल्या पाण्यावर कपडे धूत बसल्या आहेत, एड नावाचा नवरा काठावर सिगरेट ओढत त्यांच्यावर नजर ठेवतो, आणि कामाची ही वाटणी कोणी ठरवली असे एकजण बोलून दाखवते. प्रश्न अगदी योग्य आहे, पण तो शेन एडला बेदम मारतो त्या मारामारीत विरून जातो आणि परत कोणीही विचारत नाही.

आता चौथा भाग. तो स्वतः कर्कमन यांनी लिहिला आहे, आणि दिग्दर्शन योहान रेंक यांचे आहे, ज्यांनी पुढे २०१९ मध्ये ‘चेर्नोबिल’ ही मालिका केली. या भागावर टीका करणारे म्हणतात की तो मूळ चित्रकथेत नाही, त्यातला कलाटणीचा प्रसंग भाबडा आहे, आणि त्याने कथानक पुढे सरकत नाही. रिक आणि त्याचे सोबती रस्त्यावर राहिलेली बंदुकांची पिशवी आणायला शहरात येतात आणि लॅटिनो तरुणांच्या एका टोळीशी त्यांची गाठ पडते. ते ग्लेनला पळवतात, हे त्यांच्यातल्या एका पोराला धरतात. दोन्ही बाजूंनी बंदुका रोखल्या जातात, टोळीचा म्होरक्या गिजेर्मो रक्तपाताची भाषा करतो, आणि आता गोळीबार होणार अशी खात्री प्रेक्षकालाही पटते. इतक्यात रोखलेल्या बंदुकांच्या मधून एक म्हातारी आजी चालत येते. तिला फेलिपे हवा असतो, कारण आत एका आजोबांना दमा लागला आहे. ती भांडणाकडे लक्षच देत नाही. रिकचा हात धरून ती त्याला आत नेते, आणि आत एक वृद्धाश्रम आहे. कर्मचारी पळून गेले, म्हाताऱ्यांना मरायला सोडून गेले. साफसफाई आणि देखभाल करणारा गिजेर्मो आणि फेलिपे हा परिचारक मात्र थांबले. टोळीतली बाकीची पोरे आपल्या आजी-आजोबांची चौकशी करायला आली होती, ती तिथेच राहिली. दरडावण्याचे सगळे सोंग लुटारूंना दूर ठेवण्यासाठी होते.

याला भाबडेपणा म्हणणाऱ्यांनी या मालिकेच्या पाचच वर्षे आधी अमेरिकेत काय झाले होते ते आठवावे. २९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना हे चक्रीवादळ लुइझियानाच्या किनाऱ्यावर आदळले आणि न्यू ऑर्लिन्स पाण्याखाली गेले. सुपरडोम या स्टेडियमात आसरा घेतलेल्या हजारो लोकांत खून आणि बलात्कार यांचे थैमान चालू आहे, असे शहराचे महापौर आणि पोलीसप्रमुख दूरचित्रवाणीवरून सांगत होते. नंतर त्यातले बहुतेक सगळे निराधार ठरले. पण तोवर त्या समजुतीने आपले काम केले होते. शहरातून पायी बाहेर पडू पाहणाऱ्यांना मिसिसिपी नदीवरच्या पुलावर शेजारच्या ग्रेट्ना गावच्या सशस्त्र पोलिसांनी माघारी फिरवले. ४ सप्टेंबर रोजी डान्झिगर पुलावर न्यू ऑर्लिन्सच्या पोलिसांनी निःशस्त्र नागरिकांवर गोळ्या झाडल्या. त्यात दोघे मेले, चौघे जखमी झाले. आणि सेंट रीटा नावाच्या वृद्ध-रुग्णालयात, वेळेवर स्थलांतर न केल्यामुळे, ३५ रहिवासी बुडून मेले. लोक जनावरे झाले आहेत असे ज्यांनी मानले त्यांच्या हातात बंदुका होत्या. ज्यांना मदतीची सर्वांत जास्त गरज होती ते खाटांवर होते.

आपत्तीत माणसे प्रत्यक्षात कशी वागतात याचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेतच विसाव्या शतकाच्या मध्यापासून होत आला आहे. एन्रिको क्वारान्टेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात आपत्ती संशोधन केंद्र काढले, ते पुढे डेलावेअरला गेले. भूकंप, पूर, वादळे यांच्या जागी जाऊन त्यांनी केलेल्या कामाचा निष्कर्ष असा की सैरावैरा पळापळ आणि सार्वत्रिक लूट हा अपवाद असतो. ढिगाऱ्याखालून पहिला हात देणारे बहुधा शेजारीच असतात, आणि एरवी कोणी पुढारी नसलेली साधी माणसे अशा वेळी आपणहून जबाबदाऱ्या उचलतात. गिजेर्मो आणि फेलिपे ही त्या निष्कर्षात नेमकी बसणारी माणसे आहेत. तेव्हा चौथा भाग वास्तवाला सोडून गेला, हा आक्षेप टिकत नाही. तो सोडून गेला असेल तर या प्रकारच्या कथांच्या ठरलेल्या वहिवाटीला, आणि ते त्याचे मोठेपण आहे. आणखी एक गोष्ट टीकाकार विसरतात. या भागात संशयाने प्रथम पछाडलेली माणसे आपले नायकच आहेत. त्यांच्याबरोबर आपणही त्या पोरांकडे पाहिले, त्यांची भाषा, पेहराव आणि कातडीचा रंग पाहिला आणि ते गुंडच असणार हे ठरवून मोकळे झालो. रिक शेवटी पिशवीतल्या बंदुका त्यांच्याबरोबर वाटून घेतो. कथानक पुढे सरकले नाही असे म्हणणाऱ्यांना प्रेक्षकाच्या मनात काय सरकले ते दिसलेले नाही. टोळीतल्या माणसांची घडण ठोकळेबाज आहे हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. कलाटणी बसावी म्हणून त्यांना आधी जेवढे भडक रंगवले आहे तेवढे रंगवण्याची गरज नव्हती.

याच भागाच्या शेवटी तळावर मेलेल्यांचा हल्ला होतो आणि त्यात अँड्रियाची धाकटी बहीण एमी जाते. पाचवा भाग त्यानंतरच्या सकाळचा आहे. अँड्रिया रात्रभर प्रेताशेजारी बसून आहे, कोणालाही जवळ येऊ देत नाही. एमीचा तो वाढदिवस. तिच्यासाठी शहरातल्या दुकानातून उचललेली जलपरीची साखळी अँड्रिया तिच्या गळ्यात घालते. एमीचे डोळे उघडतात, त्यांत ओळख नसते, बहीण तिची क्षमा मागते आणि मग गोळी झाडते. मागे बाकीचे लोक प्रेते ओढून आगीत टाकत आहेत. त्यांत आपल्यातले एक प्रेत ओढले जाताना पाहून ग्लेन रडवेला होऊन ओरडतो की आपल्या माणसांना आपण जाळत नाही, पुरतो. ज्या समाजात दहन हाच अंत्यसंस्कार आहे तिथल्या प्रेक्षकालाही त्याचे म्हणणे लगेच कळते, कारण वाद अग्नी की माती हा नाही, आपला माणूस कचऱ्याच्या ढिगात जाता कामा नये हा आहे. वॉकरचा चावा बसल्यामुळे स्वतःही वॉकर होणार असलेल्या जिमचे काय करायचे यावरही असाच खल होतो. मेर्लचा भाऊ डॅरिल टिकाव घेऊन त्याच्या अंगावर धावतो, रिक मध्ये पडतो, आणि अखेर जिमच्याच इच्छेप्रमाणे त्याला रस्त्याकडेच्या झाडाखाली बसवून सगळे त्याचा निरोप घेतात. कोणाचेही भले न करणाऱ्या, पेट्रोल आणि वेळ खर्च करणाऱ्या या गोष्टी आहेत. तगून राहण्याच्या हिशेबात त्या बसत नाहीत, तरीही ती माणसे त्या करतात, आणि या सीझनचे सगळे तेज तिथे आहे.

मग येतो सहावा भाग. अटलांटामध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचे, म्हणजे सीडीसीचे, मुख्यालय आहे. तिथे औषध असेल या आशेवर सगळे जातात. आत एकच माणूस उरला आहे, डॉक्टर एडविन जेनर. तो त्यांना आत घेतो, आंघोळीला गरम पाणी आणि जेवणाबरोबर दारू देतो, आणि दुसऱ्या दिवशी सांगतो की जनित्राचे इंधन संपत आले आहे, घड्याळ शून्यावर आले की रोगजंतू बाहेर पडू नयेत म्हणून इमारत आपोआप भस्मसात होईल. मग तो दारे बंद करून टाकतो, कारण बाहेरच्या मरणापेक्षा हे मरण बरे असे त्याला वाटते.

लोकांची तक्रार अशी की हा भाग बोलका आहे, आणि खोलीत अडकणे, उलटे फिरणारे घड्याळ, शेवटी स्फोट हा जुनाट मसाला आहे. माझी तक्रार दुसरी आहे. या भागाच्या हाती फार मोठा ऐवज होता. पडद्यावर जेनर एका मेंदूची चित्रे दाखवतो. त्या मेंदूत आधी प्रकाशाचे जाळे चमकते आहे, मग काळोख होतो, मग फक्त मेंदूच्या देठाशी लालसर काही हलू लागते, आणि अखेर त्यातून एक गोळी आरपार जाते. हा मेंदू म्हणजे टीएस-१९, एकोणिसावा प्रयोगदेह. नंतर कळते की ती जेनरची बायको होती, त्याच्याहून थोर वैज्ञानिक, जिने मरताना स्वतःचा देह प्रयोगासाठी दिला आणि काम चालू ठेवण्याचे वचन त्याच्याकडून घेतले. म्हणजे दुसऱ्या भागात अनोळखी प्रेताला त्याचे नाव परत मिळाले होते, आणि इथे प्रिय माणसाचे नाव जाऊन क्रमांक आला आहे. या दोन प्रसंगांना समोरासमोर आणले असते तर सीझनला खरा शेवट सापडला असता. लेखकांनी ते दोन वाक्यांत उरकले आणि उरलेला वेळ घड्याळाला दिला.

त्याहून गंभीर गोष्ट ही की सार्वजनिक आरोग्याचे जे चित्र इथे उभे राहते ते मुळातून चुकीचे आहे. एका बंद तळघरात एक प्रतिभावान माणूस औषध शोधतो आहे, त्याला ते सापडले तर जग वाचेल, नाही तर बुडेल, अशी ही कल्पना आहे. सीडीसीची स्थापना १९४६ मध्ये हिवतापाशी लढण्यासाठी झाली. हिवतापाशी लढणे म्हणजे डबकी, गटारे आणि घरांच्या भिंती यांच्याशी लढणे. देवी या रोगाविरुद्धच्या जागतिक मोहिमेत याच संस्थेचे विल्यम फेगी आघाडीवर होते. आधी नायजेरियात आणि नंतर भारतात त्यांनी राबवलेली पद्धत अशी होती की रोगी शोधून काढायचा आणि त्याच्या भोवतालच्या माणसांना लस टोचून साथीला कुंपण घालायचे. त्यासाठी बिहार-उत्तर प्रदेशात गावोगाव, घरोघर फिरणारे हजारो आरोग्यसेवक लागले. १९७५ मध्ये भारत देवीमुक्त झाला, १९८० मध्ये सगळे जग. देवीची लस शोधणाऱ्या एडवर्ड जेनर यांची आठवण करून देणारे नाव लेखकांनी त्या डॉक्टरला दिले, पण ती लस दारोदार नेणारी माणसे त्यांना दिसली नाहीत. गिजेर्मो आणि फेलिपे यांना जन्म देणाऱ्या मालिकेला ती दिसायला हवी होती, म्हणून मला हे अधिक लागते.

यावर कोणी म्हणेल की संस्था कोसळतात हेच तर मालिकेला सांगायचे आहे, आणि जेनर निदान पळून गेला नाही, शेवटपर्यंत थांबला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. संस्था चुकतात. फेब्रुवारी २०२० मध्ये करोनाच्या चाचणीसाठी सीडीसीनेच पाठवलेले संच सदोष निघाले आणि अमेरिकेचा मोलाचा वेळ वाया गेला. पण खरे अपयश हे असे असते: चुकीचा संच, उशिरा निघालेला आदेश, वरून आलेला दबाव. ते दुरुस्त करता येते, त्याचा जाब विचारता येतो. जेनरची इमारत तशी जागाच ठेवत नाही. ती निराशेला वैज्ञानिक सत्याचा मान देते, आणि थांबलेल्या माणसाला इतरांचे मरण परस्पर ठरवण्याचा हक्क बहाल करते. शेवटी तो दार उघडतो हे खरे, पण मागे राहणाऱ्यांत जॅकी ही तळावरची कृष्णवर्णीय स्त्री असते, जिच्याविषयी टी-डॉगइतकेच थोडे आपल्याला सांगितलेले आहे. या सीझनच्या प्रसारणानंतर काही महिन्यांनी, मे २०११ मध्ये, खऱ्या सीडीसीने झोंबींचे निमित्त करून लोकांना आपत्तीच्या तयारीची माहिती दिली होती. घरात पाणी, अन्न, औषधे ठेवा, ताटातूट झाली तर कुटुंबाने कुठे भेटायचे ते आधी ठरवा, असा तो साधा सल्ला होता. त्या साध्या सल्ल्यात सहाव्या भागापेक्षा अधिक शहाणपण आहे असे मी जबाबदारीने म्हणेन.

हे सारे धरूनही पहिला सीझन मी अव्वल मानतो, आणि पुढच्या दहांपैकी कोणत्याही सीझनपेक्षा वरचा मानतो. त्याचे निर्माते स्वतः मात्र चौथ्या भागाशी प्रामाणिक राहण्याच्या बेतात नव्हते. दुसऱ्या सीझनच्या आरंभासाठी एक प्रसंग चित्रित झाला होता, त्यात रिकची माणसे त्या वृद्धाश्रमात परत जातात आणि तिथे सगळे मारले गेलेले आढळतात, तेही मेलेल्यांकडून नव्हे, जिवंत माणसांकडून. हा प्रसंग प्रसारित भागात घेतला नाही. तो फक्त डीव्हीडीवर वगळलेल्या दृश्यांत पाहायला मिळतो. डॅराबाँट यांना जुलै २०११ मध्ये मालिकेतून दूर करण्यात आले, त्यामुळे या प्रसंगाचा त्यांच्या मनातला पुढचा अर्थ काय होता हे पडद्यावर कधी आले नाही. वगळण्याचे कारण काहीही असो, ते योग्य झाले. प्रसारित मालिकेत त्या म्हाताऱ्यांचे पुढे काय झाले याचा उल्लेख येत नाही, आणि गिजेर्मोचा निर्णय चूक होता असे मालिकेने कुठेही म्हटलेले नाही.